गाण्याखालचा सूर

"...आणि मग मी कोण, आप्पा? साऊंडवाला?"

आप्पा गुरव सनईची पत्ती वाटीतल्या पाण्यात भिजवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण म्हणालं साऊंडवाला?"

"पुण्यात, आमच्याच कार्यक्रमात. आयोजक स्टेजवर आला आणि मला म्हणाला, दादा, मॅडमचा माईक जरा वाढवा. बाहेर फलकावर माझं नाव, आप्पा! एवढं मोठं!"

"मग? वाढवलास?"

"...वाढवला."

आप्पा खुदकन हसले. मलाही हसू आलं. अभिनंदन चौगुलेनं माझ्याकडं असं काही बघितलं, की मी गप माझी सनई पुसायला घेतली.

दुपारची नौबत नुकतीच झाली होती. देवीच्या दारावरच्या त्या नगारखान्यात आम्ही तिघंच होतो.

अभिनंदन आधी आप्पांचाच शिष्य. सनईची जोडी असते. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं सूर धरायचा. सुरवाल्यानं श्वास न तोडता एकच स्वर लावून बसायचं, आणि लोकांनी वाहवा केली तर ती शेजारच्याची समजायची. आप्पांनी अभिनंदनला सुरावर बसवलं आणि वाजवायची सनई माझ्या हातात दिली. त्यानं आपली पाळी यायची वर्षानुवर्षं वाट बघितली. मग एक दिवस सूर खाली ठेवला आणि पुणं गाठलं.

तिथं त्याला उत्पल केतकर भेटला. उत्पल कॉम्प्युटरवाला, हा सुरवाला. दोघांनी मिळून 'धूसर' नावाचा बँड काढला. त्यांच्या संगीताला अँबिएंट म्हणतात म्हणे. ताल नाही, घाई नाही. लांबलांब आवाज येतात, एकमेकांत मिसळतात, विरून जातात. ते ऐकायला जर्मनीतली माणसं तिकीट काढतात. आणि मी इथं लग्नात वाजवतो, तेव्हा मांडवातली माणसं पंगतीकडं पळतात. हेवा वाटतो मला त्याचा. वाटतो म्हणजे वाटतोच, त्यात लपवायचं काय?

आणि हा लेकाचा जर्मनी बघून आलेला माणूस आप्पांपुढं रडगाणं गात होता.

"पहिल्या अल्बममध्ये कुणाचाच आवाज नव्हता, आप्पा. नुसते आम्ही दोघं. कुत्र्यानंही विचारलं नाही."

"बरं."

"दुसऱ्या अल्बमच्या वेळी उत्पल म्हणाला, कुणाला तरी गायला बोलवू. गोव्याच्या एक बाई आल्या. दुपारी आल्या, गायल्या, चहा घेतला आणि गेल्या. ते गाणं कुठल्या कुठं गेलं. आता लोक त्यांना विचारतात, तुमच्या त्या गाण्याचं कसं सुचलं? तुमच्या!"

"बरं."

"तेव्हापासून दर अल्बमला नवी पाहुणी. वर्षभर खपायचं आम्ही, आणि फुलं त्यांना. आमचे नुसते आवाज चालू असले, की लोक उठून बाहेर जातात. पाहुणी माईकपाशी आली, की पळत जागेवर. परवा फोटोवाला मला म्हणाला, जरा बाजूला सरकता का?"

"सरकलास?"

अभिनंदननं खिडकीकडं तोंड फिरवलं. सरकला असणार.

आप्पांनी पत्ती पाण्यातून काढली, उजेडात धरली, पुन्हा पाण्यात सोडली.

"हे रडं जुनं हाय रं. आज का आलास ते सांग."

"समिना."

"ही कोण आणि?"

"समिना मुजावर. इचलकरंजीची. ह्या वेळची पाहुणी. तिनं तोंड उघडलं, की उत्पलच्या डोळ्यांत पाणी. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी बसतोय, आप्पा. माझ्या सुरावर कधी आलं नाही त्याच्या डोळ्यांत पाणी."

"...जळतोस व्हय?"

"जळतो. पोटात आग पडते माझ्या."

निदान खरं बोलला.

मग त्यानं मुद्दा काढला. अल्बम आज संध्याकाळी कंपनीकडं जायचा होता. शेवटचा आणि सगळ्यांत मोठा तुकडा त्यानं दोन तऱ्हांनी तयार ठेवला होता, एक समिनाच्या गाण्यासकट आणि दुसरा गाण्याशिवाय. त्याला दुसरा पाठवायचा होता. उत्पलनं सांगून ठेवलं होतं, समिना नसेल तर माझंही नाव काढ आणि 'धूसर' संपलं असं समज.

"आणि ती पोरगी? ती काय म्हणती?" आप्पांनी विचारलं.

"ती स्वतःच म्हणाली, काढा माझं गाणं."

"का?"

"...असंच."

आप्पांनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं.

"वाजव."

"कुठलं?"

"तुझं. तिच्याबिगारचं."

अभिनंदननं लॅपटॉप उघडला, मुठीएवढा एक स्पीकर जोडला आणि सुरू केलं.

आधी पाण्याचे थेंब ऐकू आले. मग थेंबांच्या खालून काहीतरी वर येऊ लागलं. तो सूर होता. जाड, ऊबदार आणि हळूहळू पसरणारा. माझ्या हातातलं फडकं थांबलं. असा सूर मी कधी ऐकला नव्हता, आणि इतकी वर्षं माझ्या शेजारी सूर धरून बसायचा तोच हा माणूस! मला इतका राग आला की काय सांगू.

आप्पांनी डोळे मिटले होते. तुकडा संपला, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"आप्पा...?"

"आयुष्य गेलं माझं सुरात," आप्पा म्हणाले. "असला सूर मला कधी धरता आला न्हाई. कुठं तुटत न्हाई, कुठं दमत न्हाई. कुणाचा रं ह्यो?"

झालं! ह्याच्यासाठीच तर आला होता तो. आता छाती फुगवेल असं मला वाटलं. पण त्याचा चेहरा पडला.

"...माझा."

"शाब्बास. कशावर वाजवलास?"

अभिनंदन लॅपटॉपवरची धूळ बोटानं पुसू लागला.

"सनईवर?"

"नाही."

"पेटीवर?"

"नाही."

"मग कशावर, बाबा?"

त्यानं लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं.

"अभिनंदन."

"तिच्या गळ्यावर."

मला काही कळेना. आप्पाही थांबले.

"ती गायच्या आधी गळा साफ करत होती," अभिनंदन खाली बघत म्हणाला. "नुसतं हुंकारली, पापणी लवते तेवढंच. ते माईकमध्ये आलं होतं. मी तेवढं उचललं आणि ताणलं. खाली उतरवलं, पुन्हा ताणलं. त्याच्यावर त्याचेच थर चढवले. महिना गेला त्यात. एवढ्याशा हुंकाराचा एवढा सूर झाला."

"आणि आता तिचं गाणं काढलंस."

"काढलं."

"हा ठेवलास."

"हा काढायचा असतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही, आप्पा. खरं सांगू? तो तिचा आहे हे मी मनातून पुसूनच टाकलं होतं. आत्ता तुम्ही विचारलंत, तेव्हा ते पुन्हा वर आलं."

ह्याला म्हणायचं तरी काय! बाईला घराबाहेर काढायला निघाला, आणि घर सगळं तिच्याच मातीनं लिंपलेलं.

"मग ह्योबी काढ," आप्पा म्हणाले. "तिचं काही नकोय न्हवं तुला? काढ आणि वाजव."

"आप्पा, नको."

"काढ की."

त्यानं एक बटण दाबलं आणि पुन्हा सुरू केलं. थेंब पडत राहिले. नुसते थेंब. नळ नीट बंद केला नसावा तसं वाटलं. ते थेंबही उत्पलचे होते, हे त्यानंच पुटपुटून सांगितलं.

मी फिस्सकन हसलो.

"हसू नकोस!" तो माझ्यावर ओरडला. "तुला काय झालंय हसायला? तुझ्या हातात पहिल्या दिवसापासून सनई आहे!"

माझं हसू गेलं. आप्पा आम्हा दोघांकडंही बघत नव्हते.

अभिनंदननं लॅपटॉप मिटला.

"म्हणजे ह्यात माझं काहीच नाही, आप्पा?"

बाहेर देवळात कुणीतरी घंटा वाजवली. तिचा आवाज पुरता विरेपर्यंत आप्पा थांबले.

"ह्यो सूर तिला ऐकवलास का?"

"...ऐकवला."

"काय म्हणाली?"

"जाऊ द्या ना."

"काय म्हणाली?"

"रडली."

"का?"

अभिनंदननं मिटलेला लॅपटॉप बाजूला सारला. मग एकदम सगळं बोलून गेला.

"तिला वाटलं, दुसरी कुणी बाई आहे. म्हणाली, अभिदादा, कुणाचा गळा आहे हा? हिच्यापुढं माझं गाणं अगदी उघडं पडतंय. ही मिळालेली असताना मला कशाला बोलावलंत? मग म्हणाली, माझं गाणं काढा, हिलाच राहू दे. मला हिच्या शेजारी उभं राहायची लाज वाटते."

"आणि तू काय सांगितलंस?"

"काही नाही."

"काहीच न्हाई?"

"म्हटलं... आहे एक."

"पोरी, ह्यो तुझाच गळा हाय, असं न्हाई सांगितलंस तिला?"

"नाही."

"का रं?"

"मला बरं वाटलं, आप्पा!" त्याचा आवाज फुटला. "आयुष्यात पहिल्यांदा एक गाणारी बाई माझ्यापाशी बसून जळत होती. माझ्या सुरावर! मला इतकं बरं वाटलं, की ते मोडवेना. तेव्हापासून तिनं गाणंच सोडलंय. घरच्यांना म्हणते, मला येत नाही. उत्पल रोज तिला फोन करतो. ती उचलत नाही. माझा तेवढा उचलते."

मला त्याचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण हेवा काही गेला नाही.

आप्पांनी वाटीतलं पाणी खिडकीबाहेर ओतलं. ओले हात धोतराला पुसले.

"संध्याकाळी पाठवायचंय न्हवं?"

"हो. कुठलं पाठवू, आप्पा? तुम्ही सांगाल ते पाठवतो. तिच्यासकट म्हणालात तर तिच्यासकट. पण एकदा सांगून टाका, ह्यात माझं काय आहे?"

"तिला फोन लाव."

"आत्ता?"

"मग कवा?"

"काय बोलू मी तिच्याशी?"

"तू कशाला बोलतोस? मी बोलतो. लाव."

अभिनंदननं फोन काढला. नंबर लावताना त्याचा अंगठा दोनदा चुकला. पलीकडं वाजत राहिलं... वाजत राहिलं... मग एक बारीक आवाज आला.

"हां, अभिदादा? पाठवलंत का हो? तिलाच ठेवलंत ना?"

अभिनंदननं आप्पांकडं बघितलं आणि नको, नको अशी मान हलवली.

आप्पांनी त्याच्या हातून फोन काढून घेतला. कानाला लावला. डोळे मात्र त्याच्यावरून हलवले नाहीत.

"पोरी, मी आप्पा गुरव बोलतोय. ज्या बाईवर तू जळतीस न्हवं, ती हितं माझ्याम्होरं बसलीया. थांब, तिच्याकडं देतो."