दुखण्याचा काळ

सर्जन कारखानीस राउंडला आले की अख्खा वॉर्ड गप्प व्हायचा. त्या सकाळी त्यांनी चंद्रभागा पाडवींचा केसपेपर उचलला. आदल्या दिवशीच ऑपरेशन झालेली ती म्हातारी दुखणं सहन न होऊन पदराचा बोळा चावत होती.

"'पेशंट इज हॅविंग पेन'? सिस्टर, हे कुठलं इंग्रजी?"

शिकाऊ डॉक्टर हसले. सिस्टर रजनी गावितचे कान तापले. जोरकस वेदनाशामक डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय तिला देता येत नव्हतं, म्हणून पहाटेपासून ती याच राउंडची वाट पाहत होती.

"मग काय लिहू, सर?"

"'पेशंट हॅज पेन'. सरळ, साधं."

रजनीने खोडून तसं लिहिलं आणि केसपेपर पुन्हा त्यांच्यापुढे धरला.

"वाक्य सुधारलं, सर. पण दुखणं अजून वर्तमानकाळातच आहे. 'हॅज'चं 'हॅड' करायला माझं इंग्रजी सुधारून भागणार नाही. त्याला तुमचं औषध लागेल."

कारखानीसांनी इंजेक्शन लिहून दिलं. मग स्टूल ओढून ते खाटेशी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "आजी, फार दुखतंय का?"