चांद्याची वाकडी वाट

सुतळीलाही तोंड होतं त्या काळी गोदाक्काने अंगणात बाग करायला घेतली. फाटकापासून ओसरीपर्यंत सुतळी ताणून तिने सरळ वाट आखली आणि चांद्या कुत्र्याच्या रोजच्या गस्तीच्या वाटेवर शेवंती लावली. चांद्या मात्र जुन्याच वळणांनी फिरे आणि रोपं तुडवी.

"मेल्या, नाकासमोर चालायला शीक!" सुतळी खेकसली. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच!"

"तू काल आलीस, बाई," चांद्या ऐटीत म्हणाला. "इथे पाणी कुठे साचतं, ते माझ्या पंजांना विचार."

आषाढात सरळ वाट चिखलात बुडाली. कळशी कमरेवर घेऊन गोदाक्का फाटकातच अडली. चांद्या पुढे झाला, तशी तीही त्याच्यामागून वळत वळत ओसरीवर आली. पाय कोरडे पाहून तिला हसू फुटलं.

पाऊस सरल्यावर तिने चांद्याच्या वाटेवर फरशा बसवल्या, शेवंती दोन्ही कडांना हलवली आणि तिला सुतळीनेच काठ्यांशी बांधलं.

दसऱ्याला पाहुणे आले. "इतकी देखणी वाट कुणी गं आखली?"

"आमच्या चांद्यानं!"

चांद्याने आपलं वाकडं शेपूट झेंड्यासारखं उभारलं आणि सुतळीसमोरून तो पाहुण्यांच्या पुढे चालू लागला.