डावा कोपरा

"मला चढाईला का नाही सोडलंत, बुवा?"

गोमाबुवांनी वर पाहिलं नाही. तळाला भोक पाडलेला पत्र्याचा डबा हातात धरून ते मैदानाला चुन्याची फक्की मारत होते. वाकून, एकेक पाऊल मागे सरकत. ब्याऐंशीव्या वर्षीही रेष सरळ येत होती.

"अठरा वर्षं खेळलो. एकदा तरी सोडायचं होतंत."

"पाय काढ," बुवा म्हणाले. "रेषेवर उभा आहेस."

हरेश घरतने पाय काढला.

वय छत्तीस. डाव्या गुडघ्याच्या दोन शस्त्रक्रिया. मोडून बसलेली तीन बोटं. आणि खांद्याला एक भलीमोठी बॅग, जिच्यातली पदकं चालताना देवळातल्या टाळांसारखी वाजत. बुवांनी बॅगेकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

खारदेवळी गाव खाडीला लागून आहे. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भरतीच्या पाण्याने चिखलाळ झालेलं खाजण, आणि मध्ये समुद्राचं पाणी अडवणारा मातीचा बांध. बांधाच्या आतल्या बाजूला हे कबड्डीचं मैदान. पावसाळ्यात इथे चिखल असतो आणि उन्हाळ्यात सिमेंट. गावाने इथून सात राज्य खेळाडू दिले. सरकारने या मैदानाला एक फलक दिला. तो पुढे कुणाच्या तरी गोठ्याला दार म्हणून लागला.

गोमाबुवा जन्मभर मिठागरावर राबले आणि जन्मभर इथे शिकवत राहिले. भजनात त्यांचा आवाज गावच्या वेशीपर्यंत जाई, म्हणून बुवा. मैदानावर मात्र ते फार बोलत नसत. त्यांच्या हातात निगडीच्या ओल्या काठीचा एक फोक असायचा, आणि त्याला बोलणं चांगलं जमायचं.

"रविवारी निरोपाचा सामना आहे," हरेश म्हणाला. "जिल्ह्याच्या गावी. माझ्यासाठी ठेवलाय."

"ऐकलं."

"त्यात मी चढाईला जाणार. कर्णधाराशी बोललोय. एकच चढाई, पण खरी. तुमची परवानगी हवी."

बुवांनी डबा हलवून पाहिला. फक्की संपत आली होती.

"परवानगी मागतोस की कळवतोस?"

"...मागतो."

"म्हणजे अजून खेळ सोडला नाहीस."

आता हरेशची बाजूही सांगायला हवी.

अठराव्या वर्षी बुवांनी त्याला डाव्या कोपऱ्यात उभं केलं, आणि पुढे त्याला तिथून हलवावंसं कुणालाच वाटलं नाही. आधी गावचा संघ, मग जिल्हा. मग एका कारखान्याची नोकरी, जिथे त्याच्या नावाची खुर्ची होती आणि तो तिच्यावर वर्षातून चार दिवस बसे. मग राज्य. मग टीव्हीवरची लीग, जिच्या लिलावात तो दर वेळी तिसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर, उरलेल्यांत निघायचा.

चढाई करणारा एकटा जातो. तोंडाने 'कबड्डी, कबड्डी' म्हणतो, सातजणांना नाचवतो, आणि परत आला की लोक त्याच्या नावाने ओरडतात. कोपऱ्यातला गडी वाकून उभा असतो आणि एका घोट्याकडे पाहत असतो. घोटा सापडला तर लोक म्हणतात, चढाई फसली.

याच गावचा जितेश म्हात्रे चढाईपटू. त्याचं तोंड हमरस्त्यावर वीस फूट उंच होतं. केसाच्या तेलाची जाहिरात. हरेशचा फोटोही वर्तमानपत्रांत पुष्कळदा आला. पण त्यात दुसऱ्याचा घोटा असायचा आणि घोट्याभोवती दोन पंजे. ते पंजे महाराष्ट्रभर गाजले. चेहरा मात्र आधार कार्डावरच राहिला, आणि तिथेही ओळखू येत नव्हता.

दोन-चारदा नाइलाजाने तो मध्यरेषा ओलांडून गेला होता. पण रेषा ओलांडून, दम घालवायच्या आत परत यायचं, याला चढाई म्हणणं म्हणजे हजेरीपटावर सही करून चहाला जाण्याला नोकरी म्हणण्यासारखं आहे.

हेही त्याने पचवलं असतं. पण मागच्या महिन्यात त्याची सात वर्षांची मुलगी त्याच्या मांडीवर बसून त्याचा जुना सामना बघत होती. बराच वेळ बघितल्यावर तिने विचारलं, "बाबा, सगळे एकेक करून पलीकडे जातात. तुमचा नंबर कधी येतो?"

त्याचं उत्तर घ्यायला तो इथवर आला होता.

"तुला निवट्या आठवतात?" बुवांनी विचारलं.

हरेशला हसू आलं. न आठवायला काय झालं?

ओहोटीला खाजणात गुडघाभर चिखलात उतरायचं आणि निवट्या हाताने धरायच्या. बोटभर मासळी, चिखलावरून उड्या मारत पळते. बुवा काठावर बसून बघायचे. महिनाभर हरेशच्या हाताला फक्त चिखल लागला. मग एकदा बुवा म्हणाले, "ती आहे तिथे हात घालू नको. ती जाणार आहे तिथे घाल." त्या दिवशी सात मिळाल्या. आईने तांदळाच्या भाकरीबरोबर कालवण केलं, आणि तो ताटावर बसल्या बसल्याच झोपून गेला.

आणि तो फोक! कोपऱ्यातल्या गड्याने चवड्यांवर उभं राहायचं. टाच जमिनीला टेकली की मागून सप्पकन. "टेकलेली टाच म्हणजे झोपलेला राखणदार," बुवा म्हणायचे. पुढे कितीतरी वर्षं, परक्या शहरात, गुळगुळीत मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात, टाच खाली येऊ लागली की त्याच्या पोटरीला तो फोक जाणवे. मोठमोठ्या प्रशिक्षकांनी संगणकावर रेघा ओढून त्याला पुष्कळ काही शिकवलं. पण आठवतं काय म्हणाल, तर फोक.

"तेव्हा जितेशही होता चिखलात," हरेश म्हणाला. "त्याला तुम्ही चढाई दिलीत."

"त्याला निवटी कधी सापडली नाही."

"म्हणून बक्षीस?"

बुवांनी डबा उलटा करून उरलेली फक्की झटकली.

एवढ्यात गावातली पोरं मैदानात उतरली आणि खेळ सुरू झाला. हरेश बुवांच्या शेजारी उभा राहिला. मागच्या रेषेपलीकडे, बांधाला पाठ लावून, तीन म्हातारे ओळीने बसले होते. जोमा ठाकूर, पोशा पाटील, धर्मा भोईर. तिघंही एकेकाळचे गाजलेले. गाजले होते असं तेच सांगत.

ही खारदेवळीची जुनी रीत. कबड्डीत बाद झालेला गडी 'मरतो' आणि बाहेर ओळीत बसतो. आपल्या संघाने समोरचा एक मारला, की ओळीतला पहिला 'जिवंत' होऊन आत येतो. बुवांनी हा नियम थोडा लांबवला होता. ज्याचा खेळ कायमचा सुटला, तो मेला. त्याने रोज संध्याकाळी ओळीत बसायचं. आत पोरांनी एक स्वच्छ पकड केली, की ओळीतल्या पहिल्याने उठायचं, आत जायचं, पोरांना एक गोष्ट शिकवायची आणि परत येऊन शेवटी बसायचं. एकच गोष्ट. दोन सांगायची मुभा दिली असती तर पोरं मैदानातच म्हातारी झाली असती.

"बस की तूही," बुवा म्हणाले. "गुडघा दुखत असेल."

"तिथे?"

"तिथे."

"मी अजून मेलो नाही, बुवा."

ओळीतून पोशा पाटील ओरडला, "आम्हीपण असंच म्हणायचो रे, बाला! ये, जागा गार आहे!"

तिघं मनसोक्त हसले. हरेश हसला नाही.

आत एका पोराने चढाईवाल्याची मांडी धरली, दुसऱ्याने कंबर. पकड झाली. जोमा ठाकूर गुडघ्यावर हात टेकून उठले, धोतर खोचत आत गेले, पोराचं मनगट धरून म्हणाले, "अंगठा आत. बाहेर ठेवशील तर डॉक्टरला देशील." एवढं सांगून ते परत आले आणि धर्मा भोईरांच्या पलीकडे, शेवटी बसले. चेहऱ्यावर असं तेज, जणू आत्ताच सामना जिंकून आलेत.

हरेशने तोंड फिरवलं.

"बुवा, उत्तर द्या. माझ्यात दम नव्हता?"

"होता."

"पाय नव्हते?"

"जितेशपेक्षा चांगले."

"मग का?"

बुवांनी रिकामा डबा खाली ठेवला. हातांची फक्की धोतराला पुसली. मग पोरांना म्हणाले, "निघा रे बाहेर."

मैदान रिकामं झालं.

"ए मेलेल्यांनो, या आत."

तिघं म्हातारे एकमेकांकडे बघत उठले. धर्मा भोईर पुटपुटले, "आज काय लोण फिटलं काय, सगळे एकदम जिवंत?" जोमा मधे, पोशा त्याच्या शेजारी, धर्मा उजव्या कोपऱ्यात. आणि डाव्या कोपऱ्यात स्वतः गोमाबुवा. धोतराचा काचा मारून, वाकून, दोन्ही पंजे पुढे करून.

"जा पलीकडे," ते हरेशला म्हणाले. "ये चढाईला. परत गेलास तर रविवारीही जा. माझी परवानगी."

"बुवा... तुम्हाला लागेल."

"मला लागलं तर मी ओरडेन. तू तुझं 'कबड्डी' म्हण."

पोरं रेषेभोवती दाटून उभी राहिली. हरेशने बॅग खाली ठेवली. पदकं एकदा खळकन वाजली आणि गप्प झाली. त्याने मध्यरेषेवरची माती कपाळाला लावली. मॅटवर खेळायला लागल्यापासून ही सवय सुटली होती. माती तशीच होती, खारट वासाची.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

तो आत शिरला. अठरा वर्षं ज्यांना आपण अडवलं त्यांना हे असं दिसत होतं तर! एवढं मोकळं मैदान. एवढी जागा. छातीत वारा भरल्यासारखं झालं. त्याने उजव्या कोपऱ्याकडे हूल दिली, आणि धर्मा भोईर ऐंशीच्या घरातल्या माणसाला शोभेल इतक्या चपळाईने जागच्या जागी उभे राहिले.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

परतीची वाट सताड उघडी होती. हात लांबवायचा, जोमाच्या खांद्याला लावायचा, मागे फिरायचं. बस्स. पोरं ओरडू लागली होती. त्याच्या नावाने. हरेश, हरेश... आयुष्यात पहिल्यांदा.

त्याने हात लांबवला.

पण नजर हाताबरोबर गेली नाही. ती गेली डाव्या कोपऱ्यात. तिला दुसरीकडे कुठे जायचं ठाऊकच नव्हतं.

गोमाबुवा वाकून उभे होते. पंजे बरोबर. कमरेचा वाक बरोबर. नजर घोट्यावर, बरोबर. आणि डावी टाच...

"बुवा, टाच!" हरेश ओरडला. "टाच टेकलीय!"



खाडीवरून एक बगळा ओरडत गेला.

"दम गेला," पोशा पाटील हळूच म्हणाला.

हरेश जोमाच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर हात धरून उभा होता. त्याला कुणी शिवलं नव्हतं. त्याला कुणी धरलं नव्हतं. हात खाली घ्यायचं त्याच्या बराच वेळ लक्षात आलं नाही.

गोमाबुवा सरळ झाले. खाली वाकून त्यांनी आपल्या टाचेकडे पाहिलं, कुणा दुसऱ्याच माणसाची असल्यासारखं.

"टेकली होती खरी," ते म्हणाले.

"तुम्ही... मुद्दाम?"

बुवांनी काचा सोडला. धोतर झटकलं. रिकामा डबा उचलून काखेला मारला. पोशा, धर्मा आणि जोमा एकामागून एक बाहेर गेले आणि बांधाला पाठ लावून आपापल्या जागी बसले. पोरं पुन्हा आत आली. डाव्या कोपऱ्यात उभं राहिलेलं पोर खाली मान घालून आपल्या टाचा बघत होतं.

"बुवा," हरेशने विचारलं. "माझ्या पोरीला काय सांगू?"

बुवांनी बांधाकडे बोट केलं.

"मेलास. जा, ओळीत बस... तुझा नंबर चौथा."