पटेल अशी थाप

आमच्या वाचनालयात नवलेखकांचं शिबिर भरलं, तेव्हा फुकट चहाच्या आशेनं मीही मागच्या बाकावर जाऊन बसलो. शिकवायला कादंबरीकार त्रिविक्रम अष्टपुत्रे आले होते. घामानं निथळत होते, पण सत्काराची शाल काही खांद्यावरून उतरत नव्हती.

वाचनालयाच्या दिवाळी अंकात एकाच नव्या कथेला जागा होती आणि निवड सरांच्या हाती. त्यांनी सुगंधा ढवळेची कथा दोन बोटांत धरली, मेलेलं झुरळ धरावं तशी.

"कथा म्हणजे थापच असते, मुली. पण ती पटावी लागते. तुझी पटत नाही. मला पटेल अशी एक थाप आत्ता मारून दाखव, लगेच छापतो."

सुगंधानं मान खाली घातली. "तुम्हाला कोण फसवणार, सर? आणि आता वेळही नाही. कॉलेजच्या मुली तुमची कादंबरी घेऊन सहीसाठी बाहेर ताटकळल्यात."

"मग आधी नाही का सांगायचं," म्हणत सरांनी शाल सारखी केली, पेन उघडलं आणि लगबगीनं बाहेर गेले.

बाहेर एक शेळी शिबिराची जाहिरात चघळत उभी होती.

सर परतले, तेव्हा सुगंधा उठून म्हणाली, "ऐकणाऱ्याला जे हवं असतं, ते त्याला लगेच पटतं, सर. माझी थाप मारून झाली. आता तुमची पाठीवर येऊ द्या."

सरांनी ती दिली, जरा जोरातच. कथा मात्र छापून आली, आणि तीही सरांच्या लेखाच्या आधी.