काजळ्यासाठी थांबलेला मचवा

एका राज्यात, डोंगर संपून खारे वारे सुरू होतात तिथे, रणधवल नावाचा राजा होता. त्याचा स्वतःचा एक मचवा होता. त्यात लेक हेमकळा, मचवा हाकणारा धाकजी तांडेल, चार खलाशी आणि तीन कुत्रे घेऊन तो किनाऱ्याकिनाऱ्याने फिरे.

कुत्रा जीव गेला तरी नावेत घाण करत नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ कुठेतरी नांगर टाकून त्यांना वाळूवर उतरवावे लागे. राजाला याचा मनस्वी कंटाळा. थांबणे त्याच्या रक्तातच नव्हते. ते काम त्याच्यासाठी नेहमी दुसऱ्यांनी केले होते.

एकदा एका बेटावर कुत्रे उतरले. दोन परतले, म्हातारा काजळ्या झुडपांत हुंगत मागे राहिला. ओहोटी लागली होती आणि पुढच्या बंदरात मेजवानी खोळंबली होती. धाकजीने थोडे थांबण्याची विनवणी केली.

"राजा कुत्र्यासाठी थांबत नाही," रणधवल म्हणाला.

राजा बोले, दळ हाले. इथे मचवा हालला. हेमकळा रडून रडून थकली.

बेटावर एक जोगीण राहत असे. ती पाण्याच्या कडेला येऊन म्हणाली, "तू थांबला नाहीस. आता किनाराही तुझ्यासाठी थांबणार नाही."

तसेच झाले. मेजवानीचे बंदर दिसले; मचवा जवळ जाताच ते मागे सरकले. माडांसकट, देवळासकट, भाला फेकावा तेवढ्या अंतरावर जाऊन उभे राहिले. पुढची खाडीही सरकली, त्यापुढचे गावही. खलाशी पोहत निघाले, तर वाळू त्यांच्यापुढेही पळाली. पिंपातले पाणी तळाला गेले. हेमकळेला ताप भरला, ओठ सुकले, आणि राजा पहिल्यांदा घाबरला.

तेव्हा एक पांढरा कुरव पक्षी डोलकाठीवर बसून माणसासारखा बोलला. "राजा, तीन गोष्टी कर. ज्याला सोडलेस त्याच्याकडे परत जा. तुझ्या वाट्याचे पाणी कुत्र्यांना पाज. आणि त्याला हाक मारू नकोस. तो आपणहून येईल तर येईल."

पहिली गोष्ट सोपी होती; मचवा बेटाकडे वळवला, आणि बेटही भालाफेकीच्या अंतरावर सरकून उभे राहिले. दुसरी राजाने घशाला कोरड पडलेली असताना केली. तिसरीत तो टेकीला आला.

काजळ्या बेटाच्या कडेला येऊन बसला आणि मचव्याकडे नुसता पाहत राहिला. राजाच्या मांडीवर तापलेली लेक, तोंडात त्याचे नाव, आणि ते उच्चारायचे नाही. असा दिवस सरला. आयुष्यभर ज्यांना ताटकळत ठेवले, ती माणसे राजाला एकेक करून आठवली. ती अशीच बसली असतील, असे त्याला वाटले, आणि त्याला लाज वाटली.

सकाळी काजळ्या पाण्यात शिरला. राजाने वाकून हात पुढे केला. कुत्रा त्या हाताला वळसा घालून धाकजीच्या बाजूला गेला. तांडेलाने त्याला मानेला धरून वर घेतले. राजाला ते फार लागले, पण तो रागावला नाही.

"काजळ्या, मी थांबायला हवे होते," तो म्हणाला.

काजळ्याने अंग झटकले आणि राजाला नखशिखांत भिजवले. त्याच क्षणी मचव्याचा तळ वाळूला लागला. जोगीण गोड्या पाण्याची घागर घेऊन उभी होती. हेमकळा प्यायली, आणि दुपारपर्यंत तिचा ताप उतरला. बंदरे, खाड्या, गावे आपापल्या जागी आली.

राजाने शाप मोडला, पण कुत्र्याचे मन काही हुकमाने वळत नाही. त्या दिवसापासून प्रत्येक किनाऱ्यावर राजा स्वतः आधी उतरतो आणि सर्वांच्या शेवटी चढतो. मेजवान्या निवतात, मुहूर्त टळतात. काजळ्या आता फार हळू चालतो. थोडे हुंगतो, चार पावले जातो आणि मान वळवून बघतो, राजा अजून उभा आहे ना.