शिळा, बैल आणि मागचा ओंडका

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होते. तिथल्या राजाच्या पदरी एक वृद्ध पंडित होता. त्याने पुष्कळ वाचले होते. पण एखादा निर्णय दिला, की तो बरोबर होता का, या काळजीने त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

एकदा तलावाच्या बांधासाठी डोंगरावरून एक अखंड शिळा आणायची होती. राजा पंडिताला घेऊन स्वतः वर गेला. शिळा गाडीवर चढली, तसा म्हातारा गाडीवान गाडीच्या मागे साखळीने एक जाडजूड ओंडका बांधू लागला.

पंडित म्हणाला, "अरे, बैलांना शिळाच जड आहे. त्यात आणखी ओझं कशाला? सोड तो ओंडका."

"पंडितजी म्हणतात तसं कर," राजाने हुकूम दिला.

गाडीवानाने हात जोडले. "महाराज, चढावर बैल शिळेला ओढतात, पण उतारावर शिळाच बैलांना ढकलते. ओंडका जमिनीला घासत येतो, म्हणून ती आवरते. तो सोडायचा असेल, तर आधी माझे बैल सोडा."

एक सरदार हसला. "ऐकलंत पंडितजी? आता गाडीवान तुमची शिकवणी घेणार!"

पंडिताचा चेहरा उतरला. तो नुसता रागावला असता, तरी राजाने त्याचेच ऐकले असते. पण त्याची नजर बैलांकडे गेली. आपण चुकलो, तर आपल्याला खरचटणारही नाही. चिरडले जातील ते हे दोन मुके जीव आणि त्यांच्यापुढे चालणारा हा माणूस.

"महाराज," तो चाचरत म्हणाला, "माझी खात्री नाही. आधी करून पाहू."

दगडफोड्यांच्या दोन हातगाड्या तिथे होत्या. एकीत दगड भरून ती उतारावर सोडली. आधी ती गोगलगायीसारखी निघाली. मग तिला कोणी हात लावत नव्हते, तरी तिचा वेग वाढतच गेला. जमीनच तिला सारखी खाली ओढत होती. वळणावरच्या खडकावर आपटून तिच्या फळ्या उडाल्या. सरदाराचे हसू मावळले.

मग दुसऱ्या हातगाडीत तेवढेच दगड भरून तिच्या मागे लाकूड बांधले. जरा ढकलले की ती पुढे सरके, हात काढला की थांबे. पंडित डोळे विस्फारून बघत राहिला. एवढे मोठे बळ एका ओंडक्याने कसे धरून ठेवले होते!

"माझं चुकलं," तो सर्वांदेखत म्हणाला. "बाबा, तुम्ही ओंडका बांधा."

बैल सावध पावले टाकत उतरले. शिळा सुखरूप बांधावर पोहोचली.

बैलांना पाणी पाजणाऱ्या गाडीवानाजवळ पंडित गेला. "इतकं वाचून मला हे कळलं नाही हो."

"मला तरी कुठे आपोआप कळलं?" गाडीवान म्हणाला. "माझ्या बापाने याच उतारावर बैलांची जोडी गमावली, तेव्हा कळलं. तुम्ही एका हातगाडीवर शिकलात, पंडितजी. आमच्यापेक्षा शहाणे तुम्हीच."

तात्पर्य इतकेच: आपल्या चुकीचा फटका दुसऱ्याला बसणार असेल, तर आपला शब्द आधी तपासून पाहावा, आणि तो खोटा ठरला, तर न लाजता मागे घ्यावा.