आक्काचं स्वादुपिंड

एका गावात एक भोळा माणूस होता. गाव वांगरी, माणूस नारबा. भोळा हा गावानं दिलेला शब्द. त्याची थोरली बहीण भिवराआक्का त्याला दुसरंच काहीतरी म्हणायची, ते इथं लिहिण्यासारखं नाही. आईबाप गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. आता तो चौतीस वर्षांचा होता, अंगानं दांडगा आणि मनानं निर्मळ. सांगितलेलं काम कधी चुकवायचा नाही. सांगितलं तसंच करायचा, आणि पंचाईत व्हायची ती त्यामुळंच.

आक्काला एकच घोर होता. आपले डोळे मिटायच्या आत नारबाचं लग्न व्हावं. आपल्या माघारी याला जेवायला कोण घालील आणि आवरील कोण, या विचारानं तिला घास जात नसे. तीन ठिकाणी बोलणी होऊन फिसकटली होती. चौथं स्थळ पलीकडच्या गावच्या ज्ञानूतात्यांच्या सुगंधाचं. दसऱ्यानंतर साखरपुडा करायचं ठरलं आणि आक्काचा जीव जरा भांड्यात पडला. नेमकी तेव्हाच ती चक्कर येऊन अंगणात पडली.

नारबानं तिला तालुक्याला खर्शीकर डॉक्टरांकडं नेलं. रक्तात साखर फार चढली होती. डॉक्टर सज्जन होते आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती, हा आक्काच्या नशिबाचा भाग. ते म्हणाले, जठराच्या मागं स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते. रक्तात साखर वाढली की ती रस सोडते, उतरली की हात आखडता घेते. आक्काची ग्रंथी थकली आहे. तेव्हा जेवणाआधी तिला सुई टोचायची.

"आजपासून आक्काचं स्वादुपिंड तू," डॉक्टर म्हणाले.

नारबाची छाती फुगली. आजवर त्याला कुणी कसलंच पद दिलं नव्हतं. येताना एसटीत भेटेल त्याला तो सांगत आला, की मी आक्काचं स्वादुपिंड आहे. गावकरी म्हणाले, आम्हाला असं काहीतरी वाटतच होतं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. साखर नुसती डब्यात नसते, भाकरीचीसुद्धा साखरच होते, हे पटावं म्हणून त्यांनी आपल्या डब्यातला भाकरीचा तुकडा नारबाला दिला आणि चावत राहा म्हणाले. नारबानं चावला. चावता चावता तुकडा गोड लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, बघ, लाळेनं पिठाची साखर व्हायला तोंडातच सुरुवात झाली. नारबानं हे पक्कं ध्यानात ठेवलं. म्हणजे सगळी भानगड चावण्यात आहे.

घरी आल्यावर त्यानं आक्काला सुई टोचली, पुढ्यात शाळूची भाकरी ठेवली आणि बजावलं, की चावायचं नाही. नुसतं गिळायचं. आक्कानं एक तुकडा गिळून बघितला. तो घशात अडकला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. दुसरा घास तिनं गपचूप चावायला घेतला, तर नारबानं तिचा जबडाच धरला. तुझं जेवण तुलाच लखलाभ होवो, म्हणून तिनं ताट सारलं. सुईतलं औषध अंगात आणि पोट रिकामं. अर्ध्या तासात तिचे हातपाय थरथरायला लागले आणि कपाळावर दरदरून घाम आला. शेजारची गोदाकाकू धावली. तिनं चिमूटभर नव्हे, चांगली मूठभर साखर आक्काच्या तोंडात घातली, तेव्हा कुठं आक्का उठून बसली. उठल्या उठल्या तिनं नारबाला जे म्हटलं, तेही इथं लिहिण्यासारखं नाही.

नारबा परत तालुक्याला गेला, तेव्हा डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. अरे, चढलेली साखर सावकाश बाधते, उतरलेली घटकेत बाधते, आणि फार उतरली तर माणूस हातचं जातं. खूप चावू दे, पोटभर जेवू दे. आणि हातपाय थरथरले, घाम फुटला, की विचार करत बसू नकोस, लगेच साखर तोंडात घाल.

नारबा म्हणाला, "हे आधी सांगायचं न्हाई का?"

त्या दिवसापासून त्याच्या सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी असायची. पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झालं. सरपंच हणमंतराव भाषणाला उभे राहिले. ऊन मी म्हणत होतं. सरपंचांना भाषणाची सवय नव्हती. हातातला कागद थरथरत होता, कपाळावरून घाम ओघळत होता. नारबा पहिल्याच रांगेत होता. त्यानं विचार केला नाही, कारण करू नकोस असंच सांगितलं होतं. सरपंचांनी "बंधूंनो" म्हणायला तोंड उघडलं आणि पुढचा शब्द बाहेर यायच्या आत पुडी आत गेली. सरपंच खोकून खोकून लाल झाले. त्यांना स्वतःलाच साखरेचा आजार होता, हे गावाला त्या दिवशी कळलं. भाषण मात्र इतकं आटोपशीर कधीच झालं नव्हतं, असं मास्तर अजून म्हणतात.

पुन्हा डॉक्टर. आता त्यांनी नारबाला आकडा दाखवणारं यंत्र दिलं. बोटाला बारीक सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, आकडा बघायचा. दर वेळी सुई नवी घ्यायची. नुसता घाम बघून काही करायचं नाही.

"आधी तपासायचं. तपासल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही," डॉक्टर म्हणाले. नारबानं शब्द न् शब्द घोकून ठेवला.

पुढच्या महिन्यात गावचा सप्ता बसला. शेवटच्या दिवशी पंगत होती. बुंदी वाढायचं काम नारबाकडं आलं, कारण त्याचा हात मोठा. लोक मांडी घालून बसले, पत्रावळी मांडल्या, आणि नारबा एका हातात बुंदीची बादली आणि दुसऱ्या हातात यंत्र घेऊन रांगेच्या टोकाला उभा राहिला. पहिल्या माणसाला वाटलं, कसली तरी लस आली असेल. त्यानं बोट दिलं आणि बुंदी मिळवली. दुसऱ्यानं बोट दिलं, त्याचा आकडा चढलेला निघाला, त्याला वाढायला घेतलेली बुंदी नारबानं परत बादलीत टाकली. तिसरा पळाला. मग अर्धी पंगतच उठून पळाली आणि बादली घेऊन नारबा त्यांच्या मागं. सुई दर वेळी नवी घेतली, एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

या खेपेला डॉक्टरांनी आधी दार लावून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, की नारबा, धडधाकट माणसाचं शरीर आपलं आपण सांभाळतं. जेवलं की यकृत साखर साठवून ठेवतं, उपास घडला की सोडतं. कुणाला सांगावं लागत नाही आणि कुणाला मध्ये पडावं लागत नाही.

"गावाचं सोड. घरच्या माणसापुरतं बघ. आणि आकडा सत्तर ते एकशेऐंशीच्या मधे असला, की अजिबात हात लावायचा नाही. गप्प बसायचं."

नारबानं मान डोलावली. खरं सांगायचं, तर त्यानंतर महिनाभर सगळं सुरळीत चाललं. आक्का चावून जेवायची, नारबा वेळेवर सुई द्यायचा, आकडा मधे असला की भिंतीला टेकून गप्प बसायचा. आक्काच्या तोंडावर तेज आलं. गोदाकाकूला ती म्हणालीसुद्धा, की पोरगं सुधारलं गं.

साखरपुड्याचा दिवस उजाडला. दारात मांडव, ज्ञानूतात्यांकडची पंचवीस माणसं, सुगंधा हिरव्या लुगड्यात. भटजींनी तिची ओटी भरायला लावली. आक्कानं आपल्या हातानं साखरेचा पुडा तिच्या ओटीत घातला आणि तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांचं ओझं उतरत होतं. समोर पेढ्यांचं ताट आलं.

भटजी म्हणाले, "मुलगी आता तुमच्या घरचीच झाली. बाई, बोट पुढं कर."

सुगंधानं बोट पुढं केलं. नारबाच्या डाव्या खिशात अंगठी होती आणि उजव्या खिशात यंत्र. घरचं माणूस झालं, बोट पुढं आलं, पेढा तोंडाशी आहे. त्याला शंका घ्यायला जागाच उरली नाही. त्यानं नवी सुई काढली आणि टोचली.

सुगंधा "आई गं" म्हणाली. नारबानं थेंब पट्टीवर घेतला, यंत्र कानापाशी नेऊन त्याचा टूंक असा आवाज ऐकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अठ्ठ्याण्णव." ज्ञानूतात्यांनी पटका सारखा केला आणि ते उठायला लागले. पण पोरगी समजूतदार होती. आजारी बहिणीची सुई या माणसानं एक दिवस चुकवली नाही, हे तिनं ऐकलं होतं. तिनं बोट पदराला पुसलं आणि बापाला खाली बसवलं.

"असू द्या तात्या, काळजीनंच केलंय त्यांनी," ती म्हणाली आणि तिनं तेच बोट परत पुढं केलं. "घाला आता."

आक्कानं देवाला हात जोडले. नारबानं अंगठी काढली. बोटाकडं बघितलं, यंत्राकडं बघितलं. अठ्ठ्याण्णव. मधेच होता आकडा. त्यानं अंगठी परत खिशात ठेवली, दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि भिंतीला टेकून गप्प बसला.

भटजींनी विचारलं. तात्यांनी तीनदा विचारलं, की पोरगी पसंत नाही काय. नारबा गप्प. सुगंधाचं बोट किती तरी वेळ तसंच पुढं होतं. मग तिनं ते मागं घेतलं, ओटीतला साखरेचा पुडा ताटात ठेवला आणि ती उठली. तिच्या मागं पंचवीस माणसं उठली. गाडी वेशीपर्यंत गेल्याचा आवाज आला आणि मग तोही थांबला.

आक्का रिकाम्या मांडवात बसली होती. तिचे हातपाय थरथरत होते, कपाळावर घाम डवरला होता. पण नारबा आता पूर्वीचा राहिला नव्हता. साखरेचा पुडा समोर असून त्यानं घाई केली नाही. नवी सुई घेतली, आक्काचं बोट धरलं, आकडा बघितला आणि त्याचा चेहरा उजळला.

"एकशेदहा," तो म्हणाला. "उगाच घाबरलीस, आक्का. काहीसुद्धा बिघडलेलं न्हाई."